‘मोठे कॅलिपर’ म्हणून १८,००० रुपये, आणि चाक खोलल्यावर निघालेलं सत्य

साध्या पावतीबुकावर पेनाने लिहिलेलं बिल आहे, पुढच्या ब्रेकच्या कामाचं. कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा. मोठे कॅलिपर दोन नग, ११,०००. पॅड सेट, १,८००. ब्रेकच्या नळ्या दोन, १,४००. ब्रेक ऑइल एक लिटर, ६००. डिस्क फेसिंग, म्हणजे डिस्क घासून सपाट करणं, १,२००. मजुरी, २,०००. एकूण १८,०००. त्यावर जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही आणि ‘मोठे’ म्हणजे किती मोठे तेही नाही.

गाडी २०११ची पिकअप. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने वाशीला जाणारी. तक्रार एवढीच होती की ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि पुढचं डावं चाक हाताला चटका बसेल इतकं तापतं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, ते तोंडावर आलेलं. मालकाची घाई गॅरेजवाल्याला बरोबर कळते. ‘जुने छोटे आहेत, लोडला पुरत नाहीत, अपग्रेड करून टाकू,’ एवढ्या एका वाक्यावर सौदा झाला. जुने कॅलिपर ‘एक्स्चेंज’मध्ये गेले, त्याचा एक रुपयाही बिलात वजा नाही.

आठवडाभरातच पेडल आधीपेक्षा खाली जायला लागलं. घाट उतरताना दोनदा पंप मारल्याशिवाय ब्रेक धरेना. गाडी दुसऱ्या फोरमनकडे गेली, चाक उतरलं आणि लालभडक कॅलिपर समोर आले.

नव्या कॅलिपरवर रंग असला तरी रबरावर नसतो. इथे पिस्टनच्या, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, रबरी बुटावर लाल शिंतोडे होते, हवा काढायच्या निपलच्या आट्यांतही रंग भरलेला. निपलच्या षटकोनाचे कोपरे पान्याने घासून गोल झालेले. नखाने रंग उकरला तर खाली गंजाचे खड्डे. बूट बाजूला करून पाहिलं तर पिस्टनच्या क्रोमवर बारीक काळे ठिपके, आणि त्यांवरून पॉलिश पेपर फिरवल्याचे आडवे ओरखडे. असा पिस्टन नवं सील टाकूनही टिकत नाही. क्रोम एकदा खरवडला की उघड्या लोखंडावर पुन्हा गंज धरतो, सील फाटतं, ऑइल गळतं नाहीतर पिस्टन जागीच अडकतो. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून ‘एक्स्चेंज’मध्ये उतरलेला माल रंगवून इथे बसवला होता, हे उघड आहे.

आणि मोठा तर तो नव्हताच. अधिकृत विक्रेत्याच्या काउंटरवर त्याच मॉडेलचा नवा कॅलिपर शेजारी ठेवून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला. दोन्हींचे पिस्टन ५४ मिमीचे.

पेडल खाली जाण्याचं कारण मात्र वेगळंच होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला. बोल्टची भोकं जुळतात, त्यामुळे बसवणाऱ्याला शंकाही येत नाही. पण निपल वरच्या टोकाला असायला हवं, ते खाली जातं. हवा वर जमते. खालच्या निपलमधून कितीही ऑइल सोडलं तरी तो बुडबुडा तिथेच राहतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. ही चूक ओळखायला चाकही उतरवावं लागत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला तरी निपल वर आहे की खाली ते दिसतं.

बिलातल्या बाकीच्या ओळींचीही तीच गत. नळ्या जुन्याच, वाकवल्यावर वरच्या रबराला भेगा दिसत होत्या. डिस्कच्या बाहेरच्या कडेला गंजाची उंच किनार तशीच होती, फेसिंग झालं असतं तर ती उरली नसती. टाकीतलं ऑइल काळं. पॅड तेवढे नवे होते.

मूळ आजार काय होता? डाव्या चाकाची नळी. रबरी नळी आतून फुगली की ऑइल दाबाखाली पुढे जातं, पण परत येत नाही, पॅड डिस्कला चिकटलेले राहतात. तपासायला पाच मिनिटं लागतात. गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा. चाक अडकलेलं असेल तर आधी नळीच्या वरच्या टोकाचा, म्हणजे लोखंडी पाइपला जोडलेला, नट किंचित सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष वर, पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. नाही झालं तर कॅलिपरचं निपल उघडा. आता मोकळं झालं तर नळी बंद आहे. तरीही अडकलेलंच असेल तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना जाम आहेत, आणि तेव्हा कुठे कॅलिपरची गोष्ट निघते. एका नळीचं काम होतं, त्याला ११,००० चे कॅलिपर लावले.

समजा खरोखरच मोठे कॅलिपर मिळाले असते, तर? ५४ मिमीच्या जागी ६० मिमीचा पिस्टन घेतला तर क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढतं. त्याच दाबाला पकड तेवढी वाढते, पण पिस्टन तेवढाच सरकवायला ऑइलही २३ टक्के जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडलची चाल वाढते. शिवाय पुढची चाकं आधी लॉक होतात, ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. लोडमध्ये मागच्या ब्रेकने जास्त काम करावं म्हणून अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो; कॅलिपर बदलल्याने त्याचं गणितही बिघडतं. डिस्क, पॅड, ब्रॅकेट, रिमच्या आतली जागा हे सगळं जुळवावं लागतं ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला आडवं येतं, आणि ब्रेकसारख्या ठिकाणी अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. जुन्या पिकअपला मूळ मापाचा नवा कॅलिपर, नव्या नळ्या, ताजं ऑइल आणि मागच्या ड्रमचं नीट अ‍ॅडजस्टमेंट एवढंच खरं अपग्रेड. पेडल खाली जाण्याच्या बऱ्याच तक्रारी तर मागचे शूज, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, सैल असल्याच्या असतात, त्यात पार्टच लागत नाही.

कॅलिपर बदलायचेच असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. जुना कॅलिपर उतरवून नळीवर लोंबकळत ठेवणारा मिस्त्री दिसला तर तिथेच टोका, तो तारेने स्प्रिंगला बांधायचा असतो. सरकपिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं ग्रीस लावलं की रबर फुगून पिना जाम होतात. नळीच्या पोकळ बोल्टला तांब्याचे वॉशर दोन, वर एक आणि खाली एक, दर वेळी नवे. जुना वॉशर दबलेला असतो, तो हळूहळू पाझरतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर फेसिंगचे पैसे देऊ नका, डिस्कच बदला.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश, ओलावा धरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. घाटात हाच फरक कामाला येतो. टाकीत इंजिन ऑइल गेलं तर सीलं फुगतात.

हवा काढताना आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून पुढची दोनच चाकं खोलली असतील तर आधी लांबचं डावं, मग उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत. पंप मारा, दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच पाय सोडा. पाय आधी सुटला तर निपलच्या वाटेने हवा परत आत. टाकी मध्येच रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरू.

पैसे देण्याआधी जुने पार्ट हातात मागा, ‘एक्स्चेंज’ असेल तर त्याची किंमत बिलात वजा करून लिहून घ्या. नव्या कॅलिपरचा डबा तुमच्या समोर फोडला जावा. पार्ट नंबर आणि जीएसटी नंबर असलेलं बिल नसेल तर पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. गाडी धंद्याची असली तरी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक ठरू शकतो, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. या गाडीच्या गॅरेजवाल्याने पावती आपली नसल्याचं सांगितलं, मग कॅलिपर परत आणून द्या, थोडे पैसे देतो म्हणाला. असे कॅलिपर परत देऊ नका. लाल रंगाच्या शिंतोड्यांसकट, निपलच्या घासलेल्या कोपऱ्यांसकट ते पोत्यात बांधून ठेवा आणि आधी फोटो काढा.