नव्या इंटरकनेक्टचा ड्रायव्हर: मेनलाइनमध्ये की स्वतंत्र मॉड्यूल?

नवा इंटरकनेक्ट (प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणं एकमेकांना जोडणारी व्यवस्था) लिनक्सवर चालवायचा असेल, तर कोड लिहायला बसण्याआधीच एक गोष्ट ठरवावी लागते. ड्रायव्हर मेनलाइन कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत मूळ कोडमध्ये द्यायचा, की स्वतंत्र मॉड्यूल म्हणून आपल्याकडेच ठेवायचा?

स्वतंत्र मॉड्यूलचा मोह पडणं साहजिक आहे. कुणाचा रिव्ह्यू नाही, बोर्ड हाती आला की डेमो झटपट उभा राहतो. खरा खर्च नंतर सुरू होतो, कारण कर्नलचे अंतर्गत एपीआय (ड्रायव्हर ज्यांना हाक मारतो ती फंक्शन्स) स्थिर राहतील अशी हमी मुळातच नाही. डिव्हाइसची मेमरी युजरस्पेसला (कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्राम्सना) मॅप करून देणारं एमएमॅप फंक्शन घ्या. त्यात व्हीएम_फ्लॅग्जमध्ये (त्या मेमरीचे गुणधर्म ठेवणाऱ्या फील्डमध्ये) थेट बिट घालणारी ओळ कर्नल 6.2 पर्यंत बिनबोभाट चालायची. 2023 मध्ये 6.3 आला आणि तीच ओळ कंपाइल होईना. त्याऐवजी व्हीएम_फ्लॅग्ज_सेट हे फंक्शन वापरणं भाग पडलं. लगेच 6.4 मध्ये क्लास_क्रिएट या फंक्शनचं एक आर्ग्युमेंट गेलं. मेनलाइनमधल्या ड्रायव्हर्सची दुरुस्ती या बदलांबरोबरच झाली. बाहेरच्यांना मात्र व्हर्जन तपासणाऱ्या अटी कोडभर पेराव्या लागल्या. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेला कोड चालू देणारी सोय) असलेल्या सर्व्हरवर मॉड्यूल साइन करण्याची कटकट ग्राहकाच्या गळ्यात पडते ती वेगळीच.

मेनलाइनचा रस्ता लांबचा. सीएक्सएल हे प्रोसेसरला मेमरी आणि उपकरणं जोडणारं इंटरकनेक्ट 2019 मध्ये जाहीर झालं आणि त्याचा मेमरी ड्रायव्हर 2021 मध्ये, कर्नल 5.12 मध्ये आला. त्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरच्या जोडीनेच क्यूईएमयूवरचं (हार्डवेअरची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरचं) एम्युलेशन तयार होत होतं, त्यामुळे हार्डवेअर हातात नसतानाही कोड चालवून बघता येत होता. तुमची चिप अजून फॅबमध्ये (चिप बनवणाऱ्या कारखान्यात) असेल तर हेच आधी करा. एक धोका मात्र ओळखून असा: सिसएफएसमध्ये (कर्नल जिथे डिव्हाइसची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवतो तिथे) एकदा दिलेला इंटरफेस सहजासहजी बदलता येत नाही. शिवाय मेनलाइन म्हणजे अमरपट्टाही नव्हे. आयबीएमच्या कॅपी या इंटरकनेक्टचा ड्रायव्हर 6.15 मध्ये काढून टाकला गेला.

हार्डवेअर दुसऱ्यांना विकणार असाल तर माझा कौल निःसंशय मेनलाइनला. लॅबपुरताच प्रयोग असेल तर स्वतंत्र मॉड्यूल पुरतं. आणि डिव्हाइस साध्या पीसीआयई (कार्ड जोडायचा नेहमीचा स्लॉट) डिव्हाइससारखं दिसत असेल, तर आधी व्हीएफआयओ बघा, म्हणजे डिव्हाइस थेट युजरस्पेसच्या हाती देणारी कर्नलची सोय. डीपीडीके या नेटवर्किंग लायब्ररीसारखा ड्रायव्हर युजरस्पेसमध्येच चालवता येतो. फक्त त्यावरची मेमरी सगळ्या प्रोसेसेसना नेहमीच्या रॅमसारखी वापरता यायला हवी असेल, तर कर्नलमध्ये उतरण्यावाचून गत्यंतर नाही.