समुद्राकाठची मुलगी आधी, चार खंड नंतर: इंडोनेशियन कादंबरी कुठून सुरू करावी?

डच वसाहत, स्वातंत्र्यलढा आणि त्यात भरडली गेलेली साधी माणसं यांच्याविषयीची इंडोनेशियन कादंबरी वाचायची आहे असं कुणाला सांगितलं की सल्ला ठरलेला असतो: प्रामुद्या अनंता तूर यांची बुरू बेटावरच्या कैदेत जन्मलेली चार खंडांची कादंबरी घ्या. सल्ला चुकीचा नाही. पण एक-दोन पुस्तकांपुरताच वेळ असलेल्या वाचकाने तिथून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याने याच लेखकाची 'गादिस पांताई', म्हणजे समुद्राकाठची मुलगी, ही छोटी कादंबरी आधी हातात घ्यावी. क्रांतीच्या दिवसांत रस असेल तर मोख्तार लुबिस आणि मांगुनविजया यांच्यात निवड करावी लागते. सगळं शतक एका दमात हवं असेल तर कुर्नियावान आहे. या सर्वांचे इंग्रजी अनुवाद झालेले आहेत.

आधी चार खंडांबद्दल, कारण त्यांचं मोठेपण मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1965 च्या ऑक्टोबरात लष्कराने डाव्यांची धरपकड सुरू केली, त्यात प्रामुद्या पकडले गेले. 1969 मध्ये त्यांची रवानगी बुरू बेटावर झाली आणि सुटका झाली ती 1979 मध्ये. खटला कधी चाललाच नाही. लिहायला कागद मिळत नव्हता तेव्हा त्यांनी ही कथा सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली, कागद मिळाल्यावर ती लिहून काढली. पहिला खंड 'बूमी मानुसिया' 1980 मध्ये आला आणि 1981 मध्ये त्यावर बंदीही आली. तो इंग्रजीत आणणारे मॅक्स लेन तेव्हा जकार्तातल्या ऑस्ट्रेलियन वकिलातीत नोकरीला होते. त्यांना मायदेशी परत बोलावण्यात आलं.

कादंबरी 1898 च्या सुराबायात सुरू होते. मिंके हा जावातल्या खानदानी घराण्यातला मुलगा, डचांच्या शाळेत शिकणारा. त्याच्यामागे खरा माणूस आहे: तिर्तो आदि सूर्यो, जावातल्या देशी पत्रकारितेचा एक आद्य संपादक. पण पहिल्या खंडाचा प्राण मिंके नाही, न्याई ओंतोसोरोह आहे. गोऱ्या माणसाने लग्नाविना घरात ठेवलेल्या देशी बाईला न्याई म्हणत. साखर कारखान्यातल्या बापाने बढतीच्या लोभाने आपल्या 14 वर्षांच्या मुलीला कारखान्याच्या डच व्यवस्थापकाच्या घरी नेऊन सोडलं. घरून निघताना तिच्या हातात एक पत्र्याची पेटी होती. पुढे ती डच शिकते, गोठा आणि शेती चालवते, मालकाचा सगळा कारभार हातात घेते, पण आईबापाचं तोंड पुन्हा पाहत नाही. ती पेटी शेवटच्या पानांवर परत येते. कशी, ते इथे फोडणार नाही.

या खंडातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मिंकेचा बाप जिल्ह्याचा देशी अधिकारी होतो आणि मुलाला बोलावणं पाठवतो. युरोपचं विज्ञान डोक्यात भरलेल्या या पोराला पारंपरिक पोशाखात, जमिनीवरून सरपटत, जागोजाग हात जोडत बापासमोर जावं लागतं. मनातल्या मनात तो जळत असतो. जुलूम फक्त गोऱ्याचा नाही, आपल्याच दरबारी उतरंडीचाही आहे, हे इथे भाषण न देता कळतं. अडचण एवढीच की पुढच्या खंडांत भाषणं येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात लांबच लांब चर्चा आहेत: जपान, चीन, फिलिपिन्स, संघटना कशी बांधावी, वर्तमानपत्र कुणासाठी काढावं. इतिहासाची ओढ असलेल्याला त्या हव्याहव्याशा वाटतील. बाकीच्यांचा तिथे धीर सुटू शकतो.

तरी दुसऱ्या खंडातली सुराती विसरता येत नाही. न्याईच्या भावाची ही मुलगी. तिचाही तसाच सौदा होतो, तशाच एका व्यवस्थापकाशी. ती नकार देत नाही. वाटेत देवीची साथ आलेल्या, सैनिकांनी वेढलेल्या गावात शिरून ती आधी स्वतः तो रोग अंगात घेते आणि मगच त्या माणसाकडे जाते. चौथा खंड तर निवेदकच बदलतो. तिथे मिंकेवर पाळत ठेवणारा देशी पोलीस अधिकारी बोलू लागतो, आणि सरकारी फायलीतून माणूस कसा संपवतात ते आपल्याला संपवणाऱ्या हाताच्या बाजूने दिसतं. वसाहतीचं यंत्र आतून पाहायचं असेल तर या खंडाला तोड नाही. पण तिथवर पोचायला आधीचे तीन खंड लागतात.

आता 'गादिस पांताई'. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली 14 वर्षांची मुलगी. रेंबांग शहरातल्या एका बड्या साहेबाला ती आवडते आणि लग्न ठरतं. वर लग्नाला येत नाही. त्याच्या वतीने त्याची कट्यार येते आणि मुलीचं लग्न त्या कट्यारीशी लागतं. इतक्या गोष्टी एका कट्यारीत सांगून होतात की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. या घराण्यांत रीत अशी की बरोबरीच्या घरातली खरी बायको येईपर्यंत अशा गरीब मुलीवर संसाराचा सराव करायचा. मुलीला हे ठाऊक नाही. ती आंघोळ, नमाज, बोलणं, चालणं, सगळं नव्याने शिकते. माहेरी जाते तेव्हा स्वतःचा बापच तिला बाईसाहेब म्हणू लागतो आणि गावातले लोक तिच्यासमोर मोकळेपणी बसत नाहीत. वाड्यात ती हलकी, गावात परकी. बाळंत झाल्यावर तिला काडीमोड मिळतो आणि मूल वाड्यातच ठेवून घेतलं जातं.

डच या पुस्तकात जवळजवळ दिसत नाहीत, आणि मला ते याचं सर्वांत मोठं बळ वाटतं. सत्तेच्या वरच्या पायऱ्यांवर ते आहेत एवढं आपल्याला कळत असतं, पण कोळ्याच्या पोरीपर्यंत ती सत्ता पोचते ती धर्मनिष्ठ, कुराण वाचणाऱ्या देशी साहेबाच्या रूपाने. साध्या माणसाच्या आयुष्यात वसाहत नेमकी अशीच येते. चार खंडांत मिंके साध्या माणसांना भेटतो, त्यांच्याकडून शिकतो, त्यांच्याबद्दल लिहितो. इथे साधं माणूस कुणाच्या शिकवणीसाठी नाही, गोष्टच त्याची आहे. ही कथा प्रामुद्यांनी आपल्या आजीच्या आयुष्यावरून रचली. पुढचे दोन भागही लिहिलेले होते, पण 1965 मध्ये लष्कराने त्यांच्या घरातले कागद नष्ट केले आणि ते भाग कायमचे गेले. म्हणून पुस्तक जिथे थांबतं तिथे ते संपलेलं वाटत नाही. याचा राग येतो, आणि यायलाच हवा.

क्रांतीचे दिवस हवे असतील तर निवड वेगळी. 17 ऑगस्ट 1945 ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्यानंतर आधी ब्रिटिश फौजा आल्या, त्यांच्या पाठोपाठ डच परतले. मराठी वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: 1945 च्या ऑक्टोबरात सुराबायात उतरलेल्या 49 व्या इंडियन ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन पलटणी होत्या. या पुस्तकांत वर्दीतल्या ज्या परक्या सैनिकाला पाहून लोक दारं लावून घेतात, त्यात आपल्याकडची, हुकूम पाळायला पाठवलेली पोरंही होती. त्यांची बाजू कुणी नीट लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

मोख्तार लुबिस यांची 'जालान ताक आदा उजुंग', म्हणजे अंत नसलेला रस्ता, 1952 मध्ये आली. तिचा नायक इसा हा जकार्तातला शाळामास्तर. तो भित्रा आहे. घरात तांदूळ नाही म्हणून शाळेतल्या वह्या चोरून विकतो. केवळ भीतीपोटीच क्रांतिकारकांत सामील होतो. त्याचा तरुण मित्र हाझिल धडाडीचा, व्हायोलिन वाजवणारा, सगळ्यांना हवाहवासा. पकडले गेल्यावर मार खाऊन कोण मोडतो आणि कोण टिकतो, ते लुबिस कुणालाही देव न करता दाखवतात. सुरुवात ते शेवट ताण सुटत नाही. शाळेत शिकवणारा, कचेरीत खर्डेघाशी करणारा, धाडसाची स्वप्नंही न पाहणारा माणूस इतिहासाच्या तडाख्यात सापडला तर काय करेल, हा ज्याचा प्रश्न आहे त्याने हेच पुस्तक घ्यावं.

मांगुनविजया यांची 1981 ची 'बुरुंग-बुरुंग मान्यार', म्हणजे सुगरण पक्षी, उलट्या बाजूने येते. हे लेखक कॅथलिक धर्मगुरू आणि वास्तुरचनाकार, तरुणपणी स्वतः विद्यार्थी सैनिक होते. योग्याकार्तात कोदे नदीकाठी झोपडपट्टीतल्या लोकांबरोबर त्यांनी उभारलेल्या घरांना 1992 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. असा माणूस नायक कुणाला करतो? डचांच्या बाजूने लढणाऱ्या तेतोला. दुसऱ्या महायुद्धात देश ताब्यात घेतलेल्या जपान्यांनी त्याच्या आईची विटंबना केलेली असते आणि नवं प्रजासत्ताक त्याला जपान्यांचंच पिल्लू वाटतं. ज्या आतिकवर त्याचं प्रेम आहे ती मात्र प्रजासत्ताकासाठी काम करते. सुगरणीचा नर घरटं विणतो, मादीने ते नाकारलं तर सगळं मोडून पुन्हा विणायला घेतो. पुढे प्राणिशास्त्रज्ञ झालेली आतिक याचाच अभ्यास करते. शेवटचा तिसरा भाग जरा जुळवून आणल्यासारखा वाटतो, तेल कंपनीचं प्रकरण तर फारच. पण हरलेल्या बाजूच्या माणसाला इतकी माया देणारी क्रांतीची कादंबरी विरळा.

लुबिस आणि प्रामुद्या एकमेकांच्या विरुद्ध गोटातले होते, हेही निवड करताना माहीत असलेलं बरं. पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात लुबिस अनेक वर्षं कैदेत होते. त्याच काळात प्रामुद्या डाव्या सांस्कृतिक गटातून विरोधी लेखकांवर तुटून पडत होते. 1995 मध्ये प्रामुद्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला तेव्हा लुबिस यांनी 1958 चा आपला मॅगसेसे निषेध म्हणून परत केला. दोघांचं एकेक पुस्तक पाठोपाठ वाचलं तर त्या देशातली भेग जेवढी समजते, तेवढी एकाचंच सगळं वाचून समजत नाही.

कुर्नियावान (पूर्ण नाव 'एका कुर्नियावान') हा 1975 मध्ये जन्मलेला, प्रामुद्यांवर अभ्यासग्रंथ लिहिलेला लेखक. त्याच्या 'चांतिक इतू लुका'मध्ये देवी आयू ही वेश्या मृत्यूनंतर 21 वर्षांनी थडग्यातून उठते आणि तिथून डच, जपानी, क्रांती, 1965 असं सगळं एका काल्पनिक बंदराच्या गावात घडत जातं. भुतं, शाप, चावट विनोद, सगळं आहे. 1 ऑक्टोबर 1965 च्या सकाळी कॉम्रेड क्लिवोन ओसरीवर बसून रोजच्या वर्तमानपत्रांची वाट पाहतो आणि ती येतच नाहीत. देशभर किमान 5 लाख माणसं मारली गेली असा जो अंदाज सांगतात, त्याची सुरुवात या न आलेल्या कागदांतून होते. प्रकरण विलक्षण आहे. मात्र या पुस्तकात बलात्कार वारंवार येतो, आणि कधी कधी विनोदाच्या सुरात येतो. मला ते जागोजागी खुपलं. पहिलं पुस्तक म्हणून मी ते कुणाच्या हाती देणार नाही, वाचनगटात तर नाहीच. 1965 खेड्यातून पाहायचं असेल तर अहमद तोहारी यांची रोंगेंग नर्तकी श्रीन्तिलची कथा जास्त शांतपणे तेच सांगते: राजकारण न कळणारी माणसं केवळ सभांत नाचली म्हणून तुरुंगात जातात.

एकच पुस्तक वाचणार असाल तर 'द गर्ल फ्रॉम द कोस्ट', म्हणजे इंग्रजीतली 'गादिस पांताई'. दोन वाचणार असाल तर त्याच्या जोडीला लुबिस यांचं 'अ रोड विथ नो एंड', पण त्याची प्रत जुनी आहे, ग्रंथालयातच शोधावी लागेल. न मिळाल्यास मांगुनविजया यांचं 'द वीव्हरबर्ड्स'. 'धिस अर्थ ऑफ मॅनकाइंड', म्हणजे 'बूमी मानुसिया', उचलायचंच असेल तर चारही खंड वाचायच्या तयारीने उचला, निदान दुसऱ्यातल्या सुरातीपर्यंत तरी. आणि 2019 चा त्यावरचा सिनेमा पुस्तकानंतर पाहा. तो तीन तासांचा आहे, पण त्यात मिंके आणि न्याईची मुलगी अ‍ॅनेलिस यांच्या प्रेमालाच जास्त जागा आहे.