बागेचं टेम्प्लेट वाटायचं: नोशन की गूगल शीट्स?

संत्र्याच्या बागेच्या नोंदींसाठी मला नोशन हे नोंदी-तक्त्यांचं ॲपच आवडतं. 'बहार' (फुलोऱ्याचा हंगाम) रकान्यात अंबिया किंवा मृग निवडायचा, फवारणी आणि नागपूरच्या कळमना बाजारातली विक्री त्याच बागेला जोडायची. शीट्समध्ये हेच सूत्रांनी जुळवत बसावं लागतं.

पण काटोलच्या काकांना पाठवायचं तर शीट्सच बरं. लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल असं करा, लिंकमधलं 'एडिट'पासून पुढचं सगळं काढून तिथे इंग्रजीत 'कॉपी' लिहा. उघडताच स्वतःची प्रत बनवायची विचारणा होते. अँड्रॉइडवर गूगल खातं बहुधा असतंच. नोशनचं नव्याने काढावं लागतं. शिवाय तिथे जोडलेले तक्ते एकाच मुख्य पानाखाली नसले, तर प्रत घेताना जोडण्या तुटतात.

दोन्हीकडे आतल्या नोंदीही प्रतीसोबत जातात. व्यापाऱ्यांचे नंबर आधी पुसा, नमुन्याच्या एकदोन ओळी मात्र राहू द्या.