हॉकआय: सुटे अंक घ्यावेत की ट्रेड?
लेखक मॅट फ्रॅक्शन आणि चित्रकार डेव्हिड आहाची मार्व्हल कॉमिक्स मालिका हॉकआय, २०१२ ते २०१५, एकूण २२ अंक. नुसती वाचायची असेल तर ट्रेड (अनेक अंक एकत्र बांधलेले पुस्तकरूप भाग) घ्या, स्वस्त पडतात, कपाटात नीट उभे राहतात, बस्स. पण मला विचाराल तर सुटे अंकच, कारण ट्रेडमध्ये क्रमच बदललाय, केट आणि क्लिंट हे यातले दोन हॉकआय, पैकी केटचे १४, १६, १८, २० हे अंक तिसऱ्या भागात आणि क्लिंटचे चौथ्यात, मूळ अंकांत ते आलटून पालटून येतात आणि दोघं एकमेकांपासून लांब गेलेत हे वाचताना जाणवत राहतं. अकरावा अंक तर कुत्र्याच्या नजरेतून आहे, वासांची छोटी छोटी चिन्हं पानभर पसरलेली, तो पिना लावलेला पातळ अंक हातात धरून बघण्यात जी मजा आहे ना, ती जाड पुस्तकात नाहीच!