फॅमिली ट्री डीएनएची ‘फॅमिली फाइंडर’ चाचणी: कुलवृत्तांतातील चूक शोधताना

ह्यूस्टनच्या फॅमिली ट्री डीएनए या कंपनीची ‘फॅमिली फाइंडर’ ही चाचणी आम्ही एका नेमक्या प्रश्नासाठी करून घेतली. आमच्या छापील कुलवृत्तांतात बडोद्याच्या शाखेचा मूळ पुरुष माझ्या पणजोबांचा चुलतभाऊ दाखवला आहे, तर ते दोघे सख्खे भाऊ होते असे बडोद्याची मंडळी पूर्वापार सांगत आली आहेत. माझे वडील आणि त्या शाखेतील त्यांच्याच पिढीचे एक काका, असे दोघेही सध्या मुलांकडे अमेरिकेत असल्याने चाचणीचा संच मागवणे सोपे गेले. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि ती पाकिटातून परत पाठवायची, एवढेच काम असते. वृद्ध माणसालाही ते जमते.

कोणती चाचणी घ्यायची, हा खरा कळीचा मुद्दा आहे. हीच कंपनी वाय गुणसूत्राची चाचणीही करते आणि पुरुषांच्या वंशावळीसाठी तीच योग्य, असा अनेकांचा समज असतो. परंतु वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जात असल्याने सख्खा भाऊ आणि चुलतभाऊ यांतला फरक त्यावरून कळत नाही. दत्तकाचेही तसेच आहे: मुलगा दुसऱ्या कुळातून घेतला असेल तर वाय चाचणीत तो धागा तुटलेला दिसेल, पण भाऊबंदांतूनच घेतला असेल, आणि आपल्याकडे असे पुष्कळदा होत असे, तर काहीच दिसणार नाही. आमच्या प्रश्नाला दोन्ही पालकांकडून येणाऱ्या गुणसूत्रांची तुलना करणारी ‘फॅमिली फाइंडर’च उपयोगी होती.

ज्यांचे आजोबा सख्खे भाऊ होते अशा दोघांमध्ये सरासरी 230 सेंटिमॉर्गनच्या (समान डीएनए मोजण्याचे एकक) आसपास डीएनए समान असतो. आजोबा चुलतभाऊ असतील तर हीच सरासरी 70 च्या आसपास येते, आणि कधीकधी काहीच जुळत नाही. आमचा आकडा 268 आला. तरीही तेवढ्यावर निकाल देणे मला मान्य नव्हते, कारण मामाची मुलगी करण्याची चाल आणि पिढ्यान्पिढ्या त्याच मोजक्या घराण्यांत झालेल्या सोयरिकी यांमुळे आपल्याकडे हा आकडा फुगू शकतो. जुन्या, अनेकपदरी नात्यातून आलेला डीएनए बहुधा लहान लहान तुकड्यांत विखुरलेला असतो. कंपनी सर्वांत लांब तुकड्याची लांबी देते आणि प्रत्येक तुकडा कोणत्या गुणसूत्रावर आहे हेही चित्रात दाखवते. आमच्याकडे तुकडे थोडे आणि लांब होते. या सोयीसाठी मी या सेवेला विशेष गुण देईन.

उरलेले काम त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीने केले. मोडीतल्या नोंदीत बापाच्या नावाखाली मुलांची नावे ओळीने लिहिली होती आणि पणजोबांच्या शेजारीच बडोद्याच्या पुरुषाचे नाव होते. शेजारच्या नोंदीत चुलत्याच्या मुलाचेही नाव तेच निघाले, कारण दोन्ही घरांनी आपापल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवले होते. कुलवृत्तांताच्या संकलकाने त्या दोघांना एकच माणूस धरले आणि बडोद्याची संपूर्ण शाखा चुलत्याखाली लावली. नुसत्या वहीवर शंका घेता आली असती आणि नुसत्या आकड्यावरही. दोन्ही एकत्र आल्यावर कुलमंडळाने पुढील आवृत्तीत दुरुस्ती करण्याचे मान्य केले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कंपनीचे बहुसंख्य ग्राहक अमेरिका-युरोपातले असल्याने अनोळखी मराठी नातेवाईक आपोआप सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. शंका असलेल्या दोन्ही शाखांतील माणसे आपणच तयार करावी लागतात. पूर्वज कोणत्या प्रदेशातले याची टक्केवारी मिळते, तिचा वंशावळीला उपयोग नाही. ही कंपनी गुन्ह्यांच्या तपासासाठी एफबीआयला सहकार्य करत असल्याचे 2019 मध्ये उघड झाले होते, त्यामुळे तपास यंत्रणांना जुळणी दिसावी की नाही याची निवड खाते उघडतानाच पाहून घ्यावी.

नमुना देणाऱ्या ज्येष्ठांना अनपेक्षित निकालाची शक्यता आधीच समजावून सांगावी आणि तो निकाल कोणाकोणाला कळवायचा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि चाचणी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची करावी, कारण प्रत्येक पिढीगणिक पूर्वजाचा वाटा साधारण निम्म्याने घटतो. वडिलांऐवजी माझा नमुना दिला असता तर सख्खे की चुलत हा निर्णय इतक्या स्पष्टपणे लागला नसता.