तालुक्याच्या दुकानाचं एसईओ कोणाकडून करून घ्यावं: नागपूरची एजन्सी, गावातला पोरगा की आपलं आपण?

एसईओ म्हणजे गुगलवर कोणी शोधलं की आपलं दुकान वर दिसावं म्हणून केलेलं काम. वरूड, वणी, दारव्हा, आर्वी, चिखली अशा कोणत्याही तालुक्याच्या गावात आता 'गुगलवर वर आणून देतो' म्हणणारा माणूस शोधावा लागत नाही, तोच दुकानात येतो. फ्लेक्स छापणारा, कॉम्प्युटर क्लासवाला, लग्नाचे व्हिडिओ करणारा, तहसीलसमोरचा कॅफेवाला, सगळे या धंद्यात उतरलेत. नागपूर-अमरावतीच्या एजन्सींचे फोन येतात, त्यात परप्रांतातले हिंदीतले फोन वेगळे. गर्दी का झाली हे सरळ आहे. शिरायला लॅपटॉप नि इंटरनेट पुरतं, परवाना लागत नाही, आणि तालुक्याच्या पातळीवरचं बरंचसं काम मुळातच सोपं आहे. हे शेवटचं कारण कोणताच विकणारा सांगत नाही. पैसे कोणाला आणि किती द्यायचे हे मात्र त्यावरच ठरतं.

गुगलच्या म्हणण्याप्रमाणे स्थानिक क्रम तीन गोष्टींवर लागतो: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमची ओळख किती आहे. पैसे देऊन हा क्रम विकत मिळत नाही. पैशाने मिळते ती जाहिरात, आणि ती पैसे थांबले की थांबते. आता हिशोब करा. नकाशासोबत वर सहसा तीन नावं दिसतात. नागपूरच्या धरमपेठेतल्या दातांच्या डॉक्टरला त्या तिघांत येण्यासाठी झगडावं लागतं. तुमच्या गावात मोटर रिवाइंडिंगची दुकानंच चार-पाच असतील, तर गुगल नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीत, म्हणजे प्रोफाइलमध्ये, योग्य वर्ग (धंद्याचा प्रकार), बरोबर जागी लावलेली पिन (नकाशावरची खूण), खऱ्या वेळा आणि थोडे खरे अभिप्राय एवढ्यावर तिथे पोचता येतं. हे काम एकदाच करायचं असतं. त्याला महिन्याचं पॅकेज लावणं म्हणजे विहिरीवर पंप बसवल्यावर मिस्त्रीला दर महिन्याला मजुरी देत राहणं.

म्हणून कोटेशन मागण्याआधी गिऱ्हाईक कुठे बसून शोधतं ते ठरवा. कृषी केंद्र, हार्डवेअर, पॅथॉलॉजी, गॅरेज यांचं गिऱ्हाईक पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतलं असतं. शेंदुरजनाघाटची संत्रा नर्सरी किंवा ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा गेटजवळचा होमस्टे यांचं गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यातलं, कित्येकदा दुसऱ्या राज्यातलं. डाळ मिल आणि जिनिंगवाल्यांनी या खर्चाच्या फार मागे लागू नये. त्यांचा माल दलाल आणि ओळखीवर जातो, फार तर एखाद्या घाऊक बाजाराच्या साईटवर नाव असावं.

एजन्सी

एजन्सीची खरी ताकद वेबसाईटच्या कामात असते. पानं लवकर उघडतील अशी बांधणं, सर्च कन्सोल (गुगलचं साईट तपासायचं साधन) जोडून कोणत्या शब्दांवर साईट दिसते ते पाहणं, इंग्रजी-हिंदी मजकूर लिहिणं, तुटलेले दुवे दुरुस्त करणं. बाहेरचं गिऱ्हाईक असेल तर याला किंमत आहे.

अडचण येते ती गावच्या शब्दांत. एजन्सी 'ड्रिप इरिगेशन' धरून बसते आणि कास्तकार 'ठिबक' शोधतो. कोणी तुषार म्हणतं, कोणी स्प्रिंकलर. कोणी देवनागरीत लिहितं, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि बरेच जण तर माईक दाबून बोलतात. ही यादी तुम्हीच लिहून द्यायला हवी. काउंटरवर गिऱ्हाईक जे शब्द उच्चारतं ते आठवडाभर वहीत टिपा आणि तो कागद एजन्सीच्या हातात द्या.

दुसरा धोका 'पन्नास गावांची पन्नास पानं'. मजकूर तोच, नुसतं गावाचं नाव बदललेलं. गुगलच्या स्पॅम धोरणात अशी पानं थेट निषिद्ध आहेत, आणि मार्च २०२४ पासून मशीनने किंवा माणसाने घाऊक पाडलेल्या निरुपयोगी मजकुरावरही वेगळा नियम आहे. कोटेशनमध्ये पानांची संख्या मोठी आणि दर स्वस्त दिसला की प्रत्येक पानावर वेगळं काय असेल ते विचारा.

पैशाचं गणित. समजा महिन्याला ५,००० रुपये सांगितले. वर्षाचे ६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, मिळून ७०,८००. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक टक्के कर) असाल किंवा तुमची नोंदणीच नसेल तर हा जीएसटी परत मिळत नाही, तो सरळ खर्चात धरा. एका नव्या गिऱ्हाइकामागे ३०० रुपये सुटत असतील तर निव्वळ खर्च निघायलाच वर्षात २३६ नवी गिऱ्हाइकं हवीत, महिन्याला जवळपास २०. होमस्टेला एका कुटुंबाच्या दोन रात्रींत जे सुटतं त्यात हे गणित बसू शकतं. कृषी केंद्राला बसणं अवघड.

गावातला पोरगा

त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तो दुकानात येऊन उभा राहू शकतो. हे कमी समजू नका, कारण गुगल आता बऱ्याच धंद्यांची पडताळणी व्हिडिओवर करतं. हा व्हिडिओ त्याच वेळी मोबाईलवर सलग काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. त्यात रस्ता आणि शेजारची ओळखू येणारी खूण, बोर्ड, आणि दुकान तुमच्या ताब्यात असल्याचा पुरावा दिसला पाहिजे: कुलूप उघडणं, काउंटरच्या आत जाणं, बिलबुक, आतला साठा. नागपुरात बसलेल्या एजन्सीला हे फोनवरून करवून घ्यावं लागतं आणि तिथेच घोळ होतो. व्हिडिओ नाकारला जाण्याची नेहमीची कारणं तीन. बोर्डच नसणं किंवा बोर्डावरचं नाव कागदांपेक्षा वेगळं असणं, व्हिडिओत फक्त आतलं दिसणं, आणि रेंज नसल्यामुळे अपलोड मध्येच तुटणं. सकाळी दुकान उघडताना, चांगल्या रेंजवर काढला तर एका झटक्यात होतं.

पिनही त्यानेच लावावी. गावाकडे पत्ता म्हणजे 'बस स्टँडमागे, पाण्याच्या टाकीजवळ', आणि असा पत्ता टाकला की पिन गावाच्या मध्यावर कुठेतरी पडते. सॅटेलाईट दृश्यात छप्पर ओळखून तिथे ओढून ठेवायची, आणि नकाशात मिळणारा प्लस कोड (जागा नेमकी दाखवणारा छोटा कोड) बिलावर छापायचा.

मग चुकतं कुठे? पहिलं, नावात. बोर्डावर नुसतं 'अमुक कृषी केंद्र' असताना गुगलवर 'अमुक कृषी केंद्र वरूड बेस्ट बियाणे खते ठिबक डीलर' असं नाव टाकतात. त्याने काही दिवस फायदा दिसतोही. पण नियमाप्रमाणे नाव प्रत्यक्ष बोर्डावर आहे तेच हवं, आणि बाजूच्या दुकानदाराने तक्रार केली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग अपील करावं लागतं, आणि अपील दाखल केल्यावर पुरावे चढवायला ६० मिनिटं मिळतात. शॉप ॲक्ट, जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिल यांच्या प्रती मोबाईलमध्ये आधीपासून ठेवाव्यात ते यासाठी.

दुसरं, अभिप्राय. मित्रमंडळींकडून दोन दिवसांत पाच-पाच तारे टाकून घेणं हा पोरांचा आवडता उपाय. ते उडतात, आणि उडताना कधी खरेही सोबत घेऊन जातात. सूट देऊन अभिप्राय घेणंही नियमात बसत नाही. प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक मिळते, तिचा क्यूआर काउंटरवर लावा आणि काम झालेल्या गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा. हंगामात आठवड्याला एक-दोन खरे आले तरी तालुक्यात तेवढे चालतात.

तिसरं सगळ्यात महाग पडतं: प्रोफाइल पोराच्या जीमेलवर उघडलेलं असतं, पुढे पोरगा नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, नि दुकानाची वेळसुद्धा बदलता येत नाही. एजन्सीही हेच करते, फक्त तिच्याकडे याला 'सिस्टिम' म्हणतात.

फोनवरचे

'गुगल से बोल रहा हूँ, आपकी लिस्टिंग बंद हो जाएगी.' फोन ठेवा. नकाशावरच्या प्रोफाइलला गुगल पैसे घेत नाही. फोनवर आलेला कोड तर कोणालाच सांगू नये, त्या कोडनेच प्रोफाइलचा ताबा दुसऱ्याकडे जातो.

आपलं आपण

स्थानिक गिऱ्हाईक असेल आणि घरात कॉलेजात जाणारं कोणी असेल, तर हाच पर्याय आधी करून पाहा. सुरुवात दुकानाचं नाव शोधण्यापासून करा, कारण नकाशावर कोणीतरी आधीच ते टाकलेलं असण्याची शक्यता मोठी. असेल तर नवं उघडू नका. दोन प्रोफाइल झाली की अभिप्राय विभागले जातात. जुन्याच प्रोफाइलवर मालकी मागा. ते दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर गुगल त्याला उत्तर द्यायला ३ दिवस देतं. उत्तर आलं नाही तर पडताळणी करून ताबा घ्यायचा मार्ग बरेचदा उघडतो.

वर्ग यादीतूनच निवडावा लागतो, मनाने लिहिता येत नाही. एक मुख्य आणि त्याशिवाय नऊपर्यंत जोडवर्ग ठेवता येतात. मुख्य वर्ग ज्यातून गल्ला भरतो तोच ठेवा. दहाच्या दहा भरायची गरज नाही. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात आसपासची गावं आणि काय मिळतं ते साध्या मराठीत लिहा. ठिबक-ड्रिप, तुषार-स्प्रिंकलर, फवारणी पंप-स्प्रे पंप असे दोन्ही शब्द उत्पादनांच्या यादीत घाला. फोटोत रस्त्यावरून दिसणारं दुकान हवंच, नवीन माणूस त्यावरूनच दुकान ओळखतो. आठवडी बाजाराच्या दिवशीची वेळ, पोळा-दिवाळीच्या सुट्ट्या वेळेवर भरा. बंद दुकानापुढे येऊन परत गेलेला माणूस एक तारा देतो आणि वर कारणही लिहितो. फिरून सेवा देणारे, म्हणजे बोअरवेलवाले, फ्रिज-टीव्ही दुरुस्तीवाले, पत्ता लपवून २० पर्यंत सेवाक्षेत्रं दाखवू शकतात.

आणखी एक. पूर्वी याच प्रोफाइलमधून फुकट वेबसाईट मिळायची. ती सोय गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. कार्डावर किंवा गाडीवर 'बिझनेस डॉट साईट' असा पत्ता असेल तर तो आता उघडत नाही, पुसून टाका.

दाखवलेला आकडा खरा कसा तपासायचा

एजन्सी असो की पोरगा, 'पहिला नंबर आला' असा स्क्रीनशॉट दाखवेल. तो बहुधा तुमच्या दुकानात बसून किंवा तुमचंच नाव टाकून काढलेला असतो. नाव टाकल्यावर दुकान वर येणारच. आठ-दहा किलोमीटरवरच्या गावातल्या नातेवाइकाला सांगा की दुकानाचं नाव न घालता वस्तूचं नाव शोध, आणि पाहा.

प्रोफाइलच्या कामगिरीच्या पानावर फोनचं बटण किती जणांनी दाबलं आणि रस्ता किती जणांनी विचारला ते दिसतं, पण मागचे सहा महिनेच. कृषी केंद्राला इथे चकवा बसतो. एप्रिलमध्ये काम दिलं, जूनमध्ये फोन वाढले, श्रेय एजन्सीने घेतलं. पेरणीला फोन वाढणारच होते. गेल्या जूनशी तुलना करायची तर गेल्या जूनचा आकडा हवा, आणि तो गुगल दाखवत नाही. म्हणून दर १ तारखेला वहीत लिहून ठेवा. पहिल्या नंबराची हमी देणाऱ्याला तर तिथेच नमस्कार करावा. अशी हमी कोणी देऊ शकत नाही, असं गुगल स्वतःच लिहितं.

करार आणि चाव्या

प्रोफाइलचे प्राथमिक मालक तुम्ही, तुमच्या जीमेलवर. काम करणाऱ्याला फक्त 'व्यवस्थापक' करा. नव्याने मालक किंवा व्यवस्थापक जोडला की त्याला पहिले ७ दिवस इतरांना काढता येत नाही, मालकीही फिरवता येत नाही. जुन्या माणसाकडून ताबा घेताना हे ७ दिवस धरूनच शेवटचा हप्ता द्या. डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या मोबाईल नंबरावर हवं. पहिल्या वर्षाचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर विचारा. प्रोफाइलवर नंबर तुमचाच आहे ना, हेही स्वतः डायल करून पाहा.

गावातल्या पोराला एकरकमी द्या, अर्धे पडताळणी झाल्यावर, अर्धे पिन-वर्ग-फोटो-उत्पादनं भरून मालकी तुमच्याकडे दिसल्यावर. २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा तो जीएसटी लावत असेल तर क्रमांक मागा. पावती तरीही घ्या.

मग कोणाला काय

कृषी केंद्र, हार्डवेअर, गॅरेज, दवाखाना: आपलं आपण, किंवा पोराला एकदाचे पैसे. महिन्याचं पॅकेज नको.

संत्रा नर्सरी: नकाशासाठी पोरगा, वेबसाईटसाठी एजन्सी, पण ठरावीक पानांचं ठरावीक काम. खुंट (ज्या रोपावर कलम बांधतात ते) जंबेरी की रंगपूर, कलमाची उंची, कमीत कमी किती कलमं पाठवता, गाडीभाडं, लागवडीचा महिना, परवाना, यांची उत्तरं असलेली पाच-सहा पानं. मराठीत आणि हिंदीत, कारण छिंदवाडा किंवा झालावाडचा शेतकरी 'संतरे का पौधा' शोधेल. इंग्रजी पानांवर पैसे घालवू नका.

होमस्टे: इथे एजन्सी वर्षभरासाठी घेतली तरी चालेल, आणि इंग्रजी हवंच. गेटचं नाव प्रत्येक पानावर ठळक हवं, पाहुणा सफारीचं गेट ठरवून मग राहायची जागा शोधतो. एसईओचा परिणाम दिसायला ४ महिने ते १ वर्ष लागतं असं गुगलच सांगतं. ताडोब्याचं कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं आणि हंगाम ऑक्टोबरला उघडतो, म्हणजे काम एप्रिल-मेमध्येच सुरू झालं पाहिजे. सप्टेंबरात येऊन दिवाळीचं बुकिंग भरून देतो म्हणणारा जाहिराती लावणार आहे. त्या लावाव्यातही, फक्त त्याचे पैसे जाहिरात म्हणून मोजा आणि जाहिरातीचं खातं स्वतःच्या जीमेलवर उघडून घ्या.