गोळीबार चौकाजवळचं सावजी: आईने आधी रस्सा हुंगला, मग जेवली

मी नागपुरात आले त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आई माझ्याकडे कितीदा तरी राहून गेली, पण बाहेर सावजी खायला कधी आली नाही. "हॉटेलातलं तिखट म्हणजे नुसता रंग राहते," हे तिचं ठरलेलं उत्तर. तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण मिरची तिला हातांनी कळते. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या सातऱ्यावर तिने बावीस वर्षं मिरचीचे देठ खुडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सातरा म्हणजे वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग घालून देठ काढायची जागा. दिवाळीनंतर तो सुरू होतो. किलोवर मजुरी मिळते आणि दिवसभर मिरचीच्या धुळीत बसावं लागतं.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी तिला मी गोळीबार चौकाजवळच्या या भोजनालयात नेलं. पाटीवर "सावजी भोजनालय" एवढंच आहे, दुसरं नाव नाही. बाहेर सहा टेबलं, आत पडद्यामागे फॅमिली रूम, तिथे चार. आधीच सांगून ठेवते की बायका-मुलांनी खुशाल जावं. पूर्वी सावजीत बायका दिसायच्याच नाहीत आणि अजूनही काही ठिकाणी आत पाऊल टाकलं की सगळ्या माना वळतात. इथे तसं काही झालं नाही. स्वयंपाकघरात काकू स्वतः उभ्या असतात आणि वाढायला त्यांचा मुलगा.

पुण्या-मुंबईत आता गल्लोगल्ली सावजीच्या पाट्या लागल्यात, म्हणून थोडं सांगायला हवं. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं जेवण. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून एकेकाळी घरोघरी हातमाग होते. माग थांबले आणि कित्येक घरांनी आपली चूल लोकांसाठी उघडली. रस्सा लालभडक नसतो, काळपट तपकिरी असतो. धने, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मोठी वेलची, मिरे हे सगळं भाजून वाटतात आणि जुनी मंडळी फोडणी जवसाच्या तेलात देत. म्हणून सावजीचं तिखट एकट्या मिरचीचं नसतं. मिऱ्याचं तिखट नाकाकडे चढतं, मिरचीचं घशात बसतं. ज्या सावजीत रस्सा लालजर्द दिसेल आणि पहिल्याच घासाला जीभ भाजेल तिथे मसाला कमी आणि पूड जास्त पडली आहे, असं खुशाल समजा.

आम्ही एक मटण, एक डाळकांदा, ज्वारीच्या भाकरी आणि पाटवडी रस्सा मागवला. आई कशालाच हात लावेना. तिने रस्स्याची वाटी उचलून नाकाजवळ धरली आणि बराच वेळ हुंगत बसली. मग भाकरीचा कोपरा मोडून नुसत्या तर्रीला टेकवला, बोटाने ती तर्री ताटाच्या कडेला पसरली आणि पाहिली. "रंग नाही," ती म्हणाली. आणि लगेच वाढणाऱ्या मुलाला, "मिरची कोणती वापरता जी तुम्ही?"

मुलगा गोंधळला. त्याने आत जाऊन आपल्या आईला सांगितलं. दोन मिनिटांनी काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, हातात वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दोन मुठी मिरच्या. पुढचं सगळं मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं. आईने एक मिरची कानाशी नेऊन हलवली, आतलं बी खुळखुळतं का ऐकलं. मग मधोमध मोडली. करकन आवाज आला. नखाने चिरून ती आतली पांढरी शीर बघत राहिली, जिला बी चिकटलेलं असतं. दुसऱ्या मुठीतलीही एक अशीच मोडली. "ही आपल्याकडची," भिवापुरी पुढे सरकवत ती म्हणाली, "अन् ही आंध्राची. जोर आंध्राचा, चव आपली. बरोबर?" काकू हसल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यानंतर माझी गरजच उरली नाही. भिवापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेतात आता हायब्रीडच जास्त दिसते. बाजारात भिवापुरी म्हणून काय काय खपवतात, कुठल्या दुकानातून घ्यावी, नवा माल कधी येतो, यावर दोघी चांगल्या वीस मिनिटं बोलल्या. मधल्या मधे भाकरी थंड झाल्या. काकूंनी न सांगता नव्या पाठवल्या आणि बिलात लावल्या नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मिरचीचं तिखट बियांत असतं असं मुलं हमखास लिहितात. तिखट खरं तर असतं त्या पांढऱ्या शिरेत, बियांना ते नुसतं लागतं. हे मी पुस्तकात वाचलं. आईला सातऱ्यावर बसूनच कळलं होतं.

आता चवीचं. पहिला घास धन्या-खोबऱ्याचा लागतो, अगदी सौम्य, माणूस फसतो. दुसऱ्या घासाला दगडफुलाचा मातकट वास येतो. तिसऱ्या-चौथ्याला घसा गरम होतो, मग कानाच्या पाळ्या, मग कपाळावर केसांच्या मुळाशी घाम. पण या सगळ्यात मटणाची चव कुठे हरवत नाही, आणि माझ्या लेखी सावजीची खरी परीक्षा हीच. मटण शिजलेलं होतं पण हाडावरून गळून पडत नव्हतं, हाडातली नळी ओढली की गर येत होता. डाळकांदा शाकाहारी माणसाने डोळे मिटून मागवावा. मसाला तोच, आणि हरभऱ्याच्या डाळीला त्या मसाल्याचा जो खमंगपणा धरतो तो मला मटणाइतकाच आवडला. पाटवडी मात्र जरा कोरडी होती, सकाळची असावी.

माझा मुलगा पाण्याचे ग्लासावर ग्लास रिचवत होता. आईने त्याचा हात धरला, "पाणी नको पिऊ, भात खा." तेच बरोबर आहे. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, पाणी त्याला तोंडभर पसरवतं. ते तेलात, तुपात, दुधाच्या स्निग्धांशात विरघळतं आणि दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला जिभेवरून उचलून नेतं. म्हणून माझी या भोजनालयाबद्दल पहिली तक्रार ही की इथे ताक किंवा दही मिळत नाही. एवढा सुंदर रस्सा करणाऱ्या घराने माठभर ताक ठेवावं, ही माझी मनापासून विनंती आहे. दुसरी तक्रार अशी की शेजारच्या टेबलावर कोणी "कमी तिखट द्या" म्हटलं, तर त्यांच्या रस्स्यात गरम पाणी ओतलं गेलं. त्यापेक्षा सरळ सांगावं की आमच्याकडे कमी तिखट होत नाही. पाणी घातलेला रस्सा ना तिखट राहतो ना सावजी.

पाण्यावरून मला लहानपण आठवलं. आई सातऱ्यावरून आली की आम्हा भावंडांना जवळ येऊ द्यायची नाही. आधी हातांना जवसाचं तेल चोळायची, कोपरापर्यंत. मग ज्वारीच्या पिठाने ते पुसायची, मग साबण. नुसत्या पाण्याने आग वाढते हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. तेलात विरघळणारी गोष्ट तेलानेच निघते, हा धडा मी वर्गात काढते तेव्हा तिचे हातच डोळ्यांपुढे येतात. मी नवव्या वर्षापासून कणीक मळते, कारण हंगामात तिने मळलेली पोळी आम्हा पोरांना झोंबायची. २०२१ साली डेव्हिड ज्युलियस यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. शरीराला उष्णता जाणवून देणारा जो रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, आहे, साधारण ४३ अंशांच्या पुढे जागा होणारा, तोच मिरचीनेही जागा होतो, हे त्यांनी मिरचीच्याच मदतीने शोधलं. हे मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं होतं की तुझे हात खरे भाजत नव्हते, मेंदूला तसं वाटत होतं. ती म्हणाली, "रात्र तर जागूनच काढली ना पण."

आणि म्हणूनच मला तिखट खायच्या पैजांचा राग येतो. गेल्या वर्षी मुलगा दहावी झाला, त्याच्या मित्रांनी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या हॉटेलात नेलं. तिथे "चॅलेंज" असतं. आधी कागदावर सही, मग मोबाइलवर शूटिंग, आणि अमुक मिनिटांत थाळी संपवली तर पैसे माफ. त्या थाळीत मिरची वाटलेली नव्हती, बाटलीतल्या अर्काचे थेंब होते. त्याने डब्यात उरलेलं घरी आणलं ते मी चाखलं. कडू, औषधी, आणि मागे नुसती आग. रात्री दोनपर्यंत पोर पोट धरून कण्हत होतं. सही घेताना त्याचं वय कोणी विचारलं नव्हतं. २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न विभागाने कोरियाच्या काही अतितिखट नूडल्स दुकानांतून परत मागवल्या, तेव्हा लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

तिखट मोजायची स्कोव्हिल पद्धत १९१२ सालची. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्याला तिखट कळेनासं व्हावं. भूत जोलोकिया मिरचीने २००७ साली त्या मापात दहा लाखांचा आकडा ओलांडून गिनीज बुकात नाव मिळवलं, आणि २०२३ मध्ये पेपर एक्स नावाच्या मिरचीने जवळपास सत्तावीस लाख गाठले. पण नागालँड-आसामात लोक भूत जोलोकिया शर्यतीसाठी खात नाहीत. डुकराच्या मटणात, बांबूच्या कोंबांबरोबर, अख्ख्या भांड्याला एखादीच टाकतात, वासासाठी. माझ्या शेजारी राहणाऱ्या नागा मुलीने एकदा दिलेल्या चटणीला खरंच फळासारखा गोड वास होता. तिखट खाणाऱ्या माणसांना मिरचीची किंमत असते. इथल्या काकूंना ती आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मटण प्लेट २८० रुपये, डाळकांदा १४०, रस्सा पुन्हा मागितला तर पैसे नाहीत. खूर फक्त संध्याकाळी आणि तोही लवकर संपतो. रविवारी जाऊ नका, बसायला जागा मिळत नाही आणि घाईत भाकरी कच्ची राहते. फॅमिली रूमचा पंखा नावालाच फिरतो. घाम येणारच आहे, रुमाल मोठा न्या. हात धुवायच्या नळाजवळ साबण आहे, पण तोंडाला किंवा डोळ्याला हात लावण्याआधी दोनदा धुवा. लेन्स लावणाऱ्यांनी तर जरूर.

बिल द्यायला मी गल्ल्यावर गेले. सुट्ट्यांसाठी पाच-सात मिनिटं लागली असतील. परत आले तर आई खुर्चीवर नव्हती. आत स्वयंपाकघराच्या दाराशी, काकूंच्या शेजारी पाटावर बसलेली, पुढ्यात सूप आणि सुपात मिरच्या. बोलता बोलता दोघी देठ खुडत होत्या. आईची बोटं बघितलीत तर मिरची कधी उचलली आणि देठ कधी पडला ते कळत नाही. अर्धा किलो तरी झालं असेल.

घरी येताना ऑटोत तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, कशालाही न लावता. मी विचारलं, "आग होते का गं?"

"थोडीशी होऊन राहिली," ती म्हणाली. "मिरची चांगली आहे त्यांची."